पाच हजार मीटरची हजेरी

नागपूरला बी.कॉम. झाले तेव्हा वडील बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन आले होते. "मी जन्मात काउंटरमागे बसणार नाही," असं मी त्यांना बाणेदारपणे सांगितलं. पुढे लग्न होऊन ॲन आर्बरला आले, नवऱ्याची पीएच.डी. झाली, मुलगी शाळेत जायला लागली, आणि एके दिवशी मी युनिव्हर्सिटीच्या क्रीडाविभागात एका काउंटरमागे जाऊन बसले. ती सव्वीस वर्षं उठलेच नाही. वडील होते तोवर त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असं संपादिकाबाईंनी कळवलं तेव्हा पहिली अडचण ही आली, की माझं काम नेमकं काय ते माझ्या मुलीलाही धड सांगता येत नाही. "मॉम डझ पेपरवर्क फॉर रनर्स," असं ती मैत्रिणींना सांगते. ते खोटं नाही. पण त्यात कामाचा कस कळत नाही, म्हणून जरा समजावून सांगते.

टीव्हीवर तुम्ही धावण्याची शर्यत पाहता. आठ जणी आठ पट्ट्यांत उभ्या असतात, कुणी छातीवर क्रॉस काढते, कुणी गाल बडवते. या आठच जणी का, आणि तिसऱ्या पट्टीत हीच का, हे आदल्या दिवशी कागदावर ठरलेलं असतं. खेळाडूंची नावं महिना महिना आधी आलेली असतात. पण ऐनवेळी कुणाचा पाय मुरगळतो, कुणाचं विमान चुकतं. म्हणून प्रत्येक शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी दहापर्यंत प्रत्येक संघाला आमच्या खिडकीशी येऊन सांगावं लागतं, की ही अमुक मुलगी या अमुक शर्यतीत नक्की पळणार. नावापुढे टिक करायची, खाली सही करायची, मी शिक्का मारायचा. याला आम्ही 'कन्फर्म करणं' म्हणतो. दहा वाजले की खिडकी बंद, आणि त्या टिकांवरून पट्ट्या ठरतात.

यात एक मेख आहे. टिक केलेली मुलगी शर्यतीला उभीच राहिली नाही, तर स्पर्धेतल्या तिच्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द होतात. नुसतं उभं राहून चार पावलं चालून बाहेर पडलेलंही चालत नाही, मनापासून पळावं लागतं. त्यासाठी पंच डोळ्यांत तेल घालून बघत असतात. सुटका एकच, स्पर्धेच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट. नियम कडक आहे, पण लोक पट्ट्या अडवून ठेवतात आणि येत नाहीत म्हणून तो केलेला आहे. मला तो कायम पटत आला.

खिडकीवर माणसं मात्र एकेक येतात. एका मोठ्या देशाचे प्रशिक्षक तीन सहायक बरोबर घेऊन आले आणि आठव्या पट्टीवर दुपारी चार वाजता सावली येते का, ते लेखी द्या म्हणाले. एकाने आपल्या उंच उडीवाल्याला कन्फर्म केलं, शिक्का मारून घेतला, आणि जाता जाता विचारलं, "तो अजून विमानात आहे, काही प्रॉब्लेम नाही ना?" एका बाईंनी तर मुलाचा निकाल बदलून द्या म्हणून माझ्यासमोर घरून आणलेला केक ठेवला होता. केक चांगला होता असं ऐकलं. मी खाल्ला नाही.

मी खाल्ला नाही याचं कारण कार्ल. कार्ल हा माझा पहिला साहेब. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कॉलेजचे प्रशिक्षक रिलेचा कागद द्यायला विसरले होते. मी त्यांना फोन करून आठवण केली. त्यांच्या मुलांनी ती रिले जिंकली, आणि बाकीच्या चार कॉलेजांनी तक्रार केली की डेस्क, म्हणजे आमची खिडकी, पक्षपात करतं. कार्लने मला आत बोलावलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "शैला, डेस्कला मत नसतं. डेस्क कुणाला मदत करत नाही, कुणाला अडवत नाही. कागद बरोबर आहे की नाही, एवढंच बघायचं." मला फार लागलं ते. त्या दिवसापासून मी तो मंत्रच करून टाकला. पुढे मोठमोठ्या स्पर्धांना मला खास बोलावणी येऊ लागली ती याच्याच जोरावर. शैलाबाईंच्या खिडकीवर चूक होत नाही, असं लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

आता बोलावणी येत नाहीत. इथल्या मराठी मंडळातले लोक काळजीने विचारतात, तब्येत बरी आहे ना? तब्येत ठणठणीत आहे. मी स्वतःच्या हाताने लिहून दिलेला एक कागद त्याला कारण आहे. त्याचीच ही हकीकत.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या खंडाच्या स्पर्धा अमेरिकेतच भरल्या. उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका आणि मधली सगळी बेटं, चार वर्षांनी एकदा एकत्र येतात. मी नुकतीच रिटायर झाले होते, तरी मैदानी खेळांच्या खिडकीवर मला बोलावलं. दक्षिणेतलं गाव, ऊन असं की दुपारी मैदानावर चिटपाखरू नसायचं, म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी आठला ठेवल्या होत्या. माझ्या शेजारी कॉम्प्युटरवर अरविंदराव होते. मूळचे मुंबईचे, आता नेपरव्हिलला असतात, जन्मभर इंजिनिअर, आणि रिटायर झाल्यापासून हौसेने निकालांचं काम करतात. त्यांना जगातल्या कुठल्याही धावपटूची वेळ तोंडपाठ. स्वतः दोन जिने चढले तर धापा टाकतात.

स्पर्धा सुरू होण्याआधीच्या रविवारी सकाळी मिस ऑड्री आमच्या खिडकीशी आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात शिट्टी, हातात टोक केलेली पेन्सिल. एका छोट्या बेटाच्या देशाच्या त्या मॅनेजर होत्या. बेटाचं नाव लिहीत नाही. सगळी वस्ती मिळून आपल्याकडच्या एका तालुक्याच्या गावाएवढी असेल. संघात सात खेळाडू, त्यांतले तीन मैदानी खेळांचे. नेरिसा दोनशे मीटर पळणारी, एक लांब उडीवाला, एक भालाफेकवाला. प्रशिक्षक, मॅनेजर, मालिशवाली आणि कपडे धुणारी, सगळं मिस ऑड्रीच. एरवी त्या बेटावरच्या शाळेत पीटी शिकवायच्या.

मोठ्या संघांचे लोक हे सगळं टॅबलेटवर करतात. छोट्या संघांसाठी आम्ही कागद ठेवतो. मिस ऑड्रींनी सगळ्या दिवसांचे कागद एकदमच मागितले, बाजूच्या खुर्चीत बसून पेन्सिलने भरले, मग पेनने गिरवले आणि मला आणून दिले. अक्षर मोत्यासारखं होतं.

इथे छोट्या देशांची एक रीत सांगायला हवी. कुणाला विमानाचं तिकीट मिळेल, कुणाला नोकरीतून सुट्टी मिळेल, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून महिनाभर आधी नावं पाठवताना ते प्रत्येकाला जमतील तेवढ्या प्रकारांत घालून ठेवतात. नेरिसाचं नाव दोनशेत होतं, चारशेत होतं आणि पाच हजारांतही होतं. लांब उडीवाला शंभर मीटरमध्ये, भालाफेकवाला गोळाफेकीत. यात वावगं काही नाही. खिडकीवर येऊन नको त्या नावांपुढची जागा कोरी ठेवायची, की झालं.

मिस ऑड्रींनी जवळजवळ सगळीकडे टिक केली होती. चारशेची तेवढी फुली मारली होती, कारण ती दोनशेच्याच दिवशी होती. बाकी सगळं पक्कं.

मी कागद पाहिला आणि माझ्या लगेच लक्षात आलं. दोनशे पळणारी मुलगी म्हणजे तेवीस-चोवीस सेकंदांचं यंत्र. तिने पाच हजार मीटर, म्हणजे मैदानाच्या साडेबारा फेऱ्या, का म्हणून पळाव्यात? आणि त्याही गुरुवारी सकाळी, जेव्हा शुक्रवारी सकाळी तिची दोनशेची पहिली फेरी आहे?

मी कागद अरविंदरावांकडे सरकवला. "अहो, हे बघा. दोनशेवाली पाच हजार पळणार आहे. वाटेत डबा खायला थांबेल बहुतेक."

अरविंदराव हसले. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर लिहून दिलेल्या त्या कागदात मी ते लिहिलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "शैलाताई, पण मिस्टेक असेल यार. विचारून टाका ना, दोन मिनिटांचं काम आहे. त्या बाई अजून दारातच आहेत."

"आपलं काम नाही ते," मी म्हटलं. "कागद बरोबर भरलाय, सही आहे. कोणी काय पळायचं ते त्यांनी ठरवायचं."

"तसं करेक्ट आहे म्हणा," असं म्हणून त्यांनी नावं कॉम्प्युटरमध्ये घातली. मी शिक्का मारला. मागे ब्राझीलचे लोक उभे होते, त्यांना पुढे घेतलं.

सोमवारपासून स्पर्धा सुरू झाली. लांब उडीवाला शंभर मीटर पळून आला आणि खूश होता. भालाफेकवाल्याने गोळा टाकला, शेवटून पहिला आला, आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. मिस ऑड्री रोज खिडकीशी यायच्या, "गुड मॉर्निंग, मिस," म्हणायच्या, निकाल घ्यायच्या आणि जायच्या. त्यांना वाटत होतं, हे मला नंतर कळलं, की इथे आलेल्या सगळ्यांना थोडं थोडं खेळायला देतात. एकदा नेरिसा बरोबर आली होती. उंच, शांत मुलगी. बेटावरच्या पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम करते, असं मिस ऑड्रींनी कौतुकाने सांगितलं. सकाळी पोस्ट उघडायच्या आधी समुद्रकाठच्या रस्त्यावर पळायची, कारण पळायला धड मैदान तिथे नाहीच. त्यांच्या देशातलं कुणीही आजवर या स्पर्धांत पहिल्या फेरीच्या पुढे गेलेलं नव्हतं. नेरिसा जाईल असं बेटावर सगळ्यांना वाटत होतं.

त्या गेल्यावर अरविंदरावांनी तिच्या या वर्षीच्या वेळा काढल्या, बाकीच्यांशी ताडून पाहिल्या आणि म्हणाले, "जाते ही. सेमीला नक्की जाते. शेवटच्या दोघींत, पण जाते."

बुधवारी दहा वाजता पाच हजारची मुदत संपली. बाराला यादी बाहेर लागली. सव्वाबाराला मिस ऑड्री धावत खिडकीशी आल्या. पहिल्यांदाच त्यांनी गुड मॉर्निंग, गुड आफ्टरनून काही म्हटलं नाही.

"मिस, काहीतरी चुकलंय. माझ्या मुलीचं नाव पाच हजारात आहे."

मी त्यांचाच कागद काढून त्यांना दाखवला. त्यांनी टिकेवर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"पण ही तर हजेरी आहे," त्या म्हणाल्या.

मग उलगडा झाला. त्यांच्या बेटावर वर्षातून एकदा शर्यती होतात. फाटकाशी नावांची यादी घेऊन मिस ऑड्रीच बसतात. जो आला त्याच्या नावापुढे टिक. कोण काय पळणार ते नंतर मैदानात भोंग्यावरून सांगतात. तीस वर्षं शाळेत आणि मैदानावर त्यांनी टिकेचा हाच अर्थ पाहिला होता, की मूल आलेलं आहे. आम्ही नेरिसाचं नाव तीन कागदांवर छापून दिलं, नेरिसा आलेली होती, त्यांनी दोन ठिकाणी टिक केली. चारशेला फुली मारली ती एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर राहता येणार नाही म्हणून. हजारो कागद माझ्या हाताखालून गेले, पण असली चूक मी कधी पाहिली नव्हती. ती शाळामास्तरीणच करू शकते.

तांत्रिक प्रतिनिधींना बोलावलं. हे गृहस्थ सगळ्या मैदानी खेळांचे सर्वेसर्वा, त्यांचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मिस ऑड्रींचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कागद उलटसुलट पाहिला, आणि मग माझ्याकडे वळले.

"मुदत संपल्यावर मी नाव काढू शकत नाही," ते म्हणाले. "पण कागद घेतानाच ही उघड चूक आहे असं डेस्कच्या लक्षात आलं असेल, तर ती कारकुनी चूक धरून मी दुरुस्त करू शकतो. तुमच्या लक्षात आलं होतं का?"

उत्तर सोपं होतं. 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न, मग विचारलं का नाही? आणि शैलाबाईंच्या खिडकीवर चूक होत नाही. मिस ऑड्री माझ्याकडे आशेने बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "कागद पूर्ण भरलेला होता. शंका यावी असं काही नव्हतं."

अरविंदराव कीबोर्डकडे बघत बसले. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि ते आपणहून काही बोलले नाहीत. त्यांना मी त्याबद्दल दोष देत नाही.

डॉक्टरांनी नेरिसाला तपासलं. मुलगी धडधाकट होती. पोटात दुखतंय म्हणून सांग, असं शेजारच्या कुठल्याशा देशाच्या मॅनेजरने तिला सुचवलं होतं म्हणे. पण मिस ऑड्रींसमोर खोटं बोलायची तिची छाती झाली नाही. तिला त्यांनी पहिलीपासून शिकवलं होतं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी खिडकी अर्धा तास अरविंदरावांवर सोपवून स्टँडमध्ये जाऊन उभी राहिले. लांब पल्ल्याच्या मुली बारीक, काटकुळ्या असतात. त्यांच्यात ही भरल्या मांड्यांची मुलगी लगेच उठून दिसत होती. पहिल्या दोन फेऱ्या ती त्यांच्याबरोबर राहिली, तिसरीत मागे पडली. मग पुढच्या मुली एकामागून एक तिला ओलांडून गेल्या, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ऊन चढत होतं. आतल्या कडेला एक पंच हातात पाटी घेऊन उभा होता आणि ती समोरून गेली की काहीतरी लिहायचा. ती चालली नाही. थांबली नाही. सगळ्या जणी पोचून, पाणी पिऊन, झेंडे गुंडाळून बसल्यावरही तिच्या तीन फेऱ्या उरल्या होत्या. त्या ती एकटी पळाली. सकाळचे थोडेसे प्रेक्षक, त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. छोट्या देशाची शूर मुलगी, असं त्यांना वाटलं असणार. मला टाळी वाजवता आली नाही. मिस ऑड्री कडेला उभ्या राहून प्रत्येक फेरीला तिला आकडा ओरडून सांगत होत्या, "तीन! नेरिसा, तीनच!" आणि ती गेली की तोंडावर टॉवेल धरायच्या.

शुक्रवारी दोनशे मीटरची पहिली फेरी झाली. वळणापर्यंत ती पुढे होती. सरळ रस्त्यावर आल्यावर तिचे पाय उचलले जाईनात. पहिल्या फेरीतून पुढे जाणाऱ्या शेवटच्या मुलीत आणि तिच्यात पाच शतांश सेकंदांचं अंतर पडलं. अरविंदरावांनी निकालाचा कागद छापला, माझ्यासमोर ठेवला आणि कॉफी आणायला निघून गेले. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो.

रविवारी शेवटचा दिवस. संघ परतायला लागले होते. अकराच्या सुमारास मिस ऑड्री आल्या. नेहमीसारख्या, शिट्टी गळ्यात.

"मिस, पाच हजारच्या निकालाची शिक्का मारलेली प्रत हवी होती," त्या म्हणाल्या. "तो आमचा राष्ट्रीय विक्रम आहे."

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. पण त्या अगदी गंभीर होत्या. त्यांच्या देशातली कुणी बाई आजवर अधिकृत घड्याळावर पाच हजार पळालीच नव्हती. म्हणजे नेरिसाची वेळ हाच विक्रम. मी प्रत काढली, शिक्का मारला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कमिटीपुढे ठेवायला काहीतरी चांगलं असावं. मी राजीनामा लिहिलाय. त्यात सगळं खरं खरं लिहिलंय, की चूक माझी, मुलीची नाही. तीस वर्षं पोरांना सांगत आले, फॉर्म नीट वाचा. आता तिच्या आईला काय सांगू तेवढं ठरायचंय." हे बोलताना त्या कागदाची घडी घालत होत्या आणि ती त्यांना नीट जमत नव्हती.

मला खरोखर असह्य झालं. दोन रात्री मी झोपले नव्हते, पण झोप न लागणं वेगळं आणि समोर उभ्या असलेल्या बाईने माझीही चूक डोक्यावर घेऊन विमानात बसणं वेगळं.

"मिस ऑड्री," मी म्हटलं, "माझ्या लक्षात आलं होतं. रविवारीच. तुम्ही दारात होतात तेव्हा."

त्यांनी कागदाची घडी तशीच अर्धी सोडली. मग म्हणाल्या, "पण त्या साहेबांना तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"का?"

मी कार्लचं सांगायला लागले, डेस्कला मत नसतं वगैरे. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला, वर्गात करतात तसा. "हे मला लिहून द्या," त्या म्हणाल्या.

मी लिहायला बसले. इंग्रजीत अर्धं पान लिहिलं. सदर फॉर्मबाबत डेस्ककडून पुरेशी विचारणा होऊ शकली नाही, ही खेदाची बाब आहे, अशा वळणाचं. असला मजकूर मला झोपेतही येतो. मिस ऑड्रींनी पेन्सिल काढली, ओळीओळीवरून फिरवत वाचलं, आणि एका ठिकाणी थांबल्या.

"हे डेस्क म्हणजे कोण?"

"म्हणजे... मीच."

"मग तसं लिहा ना."

कागद माझ्याकडे परत आला. नागपूरला चौथीत असताना शुद्धलेखनाची वही अशी परत यायची, त्यानंतर कधी नाही. मी नवा कागद घेतला आणि चार वाक्यं लिहिली. मी फॉर्म पाहिला. चूक माझ्या लक्षात आली. मी विचारलं नाही. नंतर मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. खाली पूर्ण नाव, सही. शिक्का मारायला गेले, तर त्या म्हणाल्या, "त्याची गरज नाही."

अरविंदराव शेजारी उभे राहून सगळं बघत होते. "मी पण सही करतो, शैलाताई," ते म्हणाले. "मीही होतो ना तिथे."

"तुम्ही विचारा म्हणाला होतात," मी म्हटलं. त्यांना मी सही करू दिली नाही.

एक प्रत मी स्वतः जाऊन तांत्रिक प्रतिनिधींच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "हे बुधवारी सांगायला हवं होतं." परत आले तेव्हा मिस ऑड्री अजून खिडकीशीच होत्या. मला वाटलं, आता कागद पर्समध्ये घालतील, हात मिळवतील आणि जातील. त्यांनी एक प्रत ठेवून घेतली आणि कागद माझ्याच हातात दिला.

"कमिटीला मी दाखवीन," त्या म्हणाल्या. "नेरिसाला तुम्ही वाचून दाखवा. ती बाहेर बसमध्ये बसली आहे."

विमानतळाची बस फाटकाशी उभी होती. नेरिसा मागून तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसली होती, कानात गाणी. मला पाहून तिने ती काढली आणि उठायला लागली. मी तिला बसूनच राहा म्हटलं आणि उभ्यानेच वाचलं. चार वाक्यांना किती वेळ लागणार? पुढच्या सीटवरचा भालाफेकवाला लांब उडीवाल्याशी बोलत होता, तो मागे वळून ऐकू लागला.

तिने सगळं ऐकून घेतलं. चिडली नाही, रडलीही नाही. मला वाटतं ती मनात काहीतरी जुळवत होती.

"तुम्ही हे पाहिलं ते कोणत्या दिवशी?" तिने विचारलं.

"रविवारी. सकाळी."

"आणि नाव काढायची मुदत कधीपर्यंत होती?"

"बुधवारी दहापर्यंत."

"म्हणजे तीन दिवस होते," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ड्रायव्हरला दार लावायचं होतं, त्याने मला खाली उतरायला सांगितलं.